खर्ऱ्याच्या आड लपलेला धूर

नागपुरात तंबाखू म्हटली की आधी खर्रा आठवतो. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, चौकाचौकातले पानठेले, जिन्याच्या कोपऱ्यांत सुकलेल्या पिचकाऱ्या आणि तिशीतच तोंड दोन बोटांपलीकडे न उघडणारी मुले. ही भीती खोटी नाही. नागपुरात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९८० पासून चालू आहे आणि तिच्या पुरुषांच्या यादीत तोंडाचा कर्करोग सगळ्यांत वर असतो. मानेवाडा रस्त्यावरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय असो, ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, जबडा काढलेला रुग्ण बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत दिसतोच. शाळेतले भाषण, एसटी स्थानकातला फलक, तंबाखूविरोधी दिनाची फेरी हे सगळे म्हणूनच तोंडाभोवती फिरते. तंबाखू सोडवणारी केंद्रेसुद्धा अनेकदा दंत महाविद्यालयांत असतात. या सगळ्या योग्य धावपळीत एक गोष्ट मात्र नजरेआड झाली आहे. तंबाखू ओढणाऱ्याला आपण फारसे घाबरवत नाही, आणि तोही स्वतःला सुरक्षित समजू लागला आहे. ‘मी खर्रा नाही खात भाऊ, दिवसातून दोन-चार सिगरेटी फक्त,’ हे वाक्य नागपुरात चारित्र्याच्या दाखल्यासारखे ऐकवले जाते.

आकडेही या समजुतीला खतपाणी घालतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे आढळले, आणि ओढणारे अवघे ३.८ टक्के. देशाची सरासरी १०.७ टक्के आहे, म्हणजे धुराच्या बाबतीत महाराष्ट्र देशातल्या सर्वांत कमी ओढणाऱ्या राज्यांत मोडतो. पण टक्केवारी लहान असली तरी माणसे लहान संख्येने नसतात. राज्याच्या प्रौढ लोकसंख्येत ३.८ टक्के म्हणजे तीस लाखांहून अधिक. शिवाय तोंडाचा कर्करोग निदान दिसतो तरी. गालाच्या आत पांढरा चट्टा उमटतो, जीभ चरचरते, तिखट सोसत नाही, दंतवैद्य टोकतो. फुप्फुसाला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. गाठ तिथे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे वाढते आणि पहिली तक्रार येते तेव्हा ती बहुधा छातीच्या आवरणापर्यंत, हाडांत किंवा मेंदूत पोचलेली असते. भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७५ हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा आकडा इतका जवळ असणे हेच या रोगाचे खरे वर्णन आहे.

धूर आणि हा कर्करोग यांचा संबंध लोकांना आज उघड वाटतो. तो उघड नव्हता तेव्हा हुशार माणसेही कशी चुकली, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे शल्यचिकित्सक एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी १९३३ साली कर्करोगासाठी एक अख्खे फुप्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. ग्रॅहम सिगरेट ओढत आणि सिगरेटीवर ठपका ठेवणाऱ्यांची थट्टा करत. सिगरेटीचा खप वाढला तसा नायलॉनच्या मोज्यांचाही वाढला, असा त्यांचा युक्तिवाद असे. अर्न्स्ट वाइंडर नावाच्या तरुण विद्यार्थ्याबरोबर त्यांनी रुग्णांच्या सवयी तपासल्या आणि १९५० साली स्वतःच्याच नावाने उलट निष्कर्ष छापला. पुढे त्यांनी सिगरेट सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ साली त्यांना फुप्फुसाच्याच कर्करोगाने गाठले. ज्याचे फुप्फुस त्यांनी काढले होते, तो रुग्ण त्यांच्यामागे आणखी काही वर्षे जगला.

त्याच १९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनीही हेच दाखवून दिले. त्यांचा सुरुवातीचा संशय मोटारींच्या धुरावर आणि रस्त्याच्या डांबरावर होता. हे इथे सांगण्याचे कारण नागपूरशी निगडित आहे. इथे कुणाला फुप्फुसाचा कर्करोग झाला की घरचे लोक कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांकडे, मेट्रो आणि सिमेंट रस्त्यांच्या धुळीकडे बोट दाखवतात. हवेचा दोष खोटा नाही. बाहेरच्या दूषित हवेला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये कर्करोगकारक ठरवलेच आहे, आणि भारतात कधीही न ओढलेल्यांना, विशेषतः स्त्रियांना, हा रोग होण्याचे प्रमाण पश्चिमेपेक्षा बरेच जास्त आहे. चुलीचा धूर आणि नवऱ्याच्या बिडीचा धूर हेही त्या हिशेबात धरावे लागतात. धूम्रपान करणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांना हा कर्करोग जास्त होतो, हे जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्येच दाखवले होते. पण ज्याच्या खिशात पाकीट आहे त्याने चिमणीवर खापर फोडणे म्हणजे डॉलनी १९५० मध्ये निकालात काढलेला संशय पुन्हा उकरणे आहे. आपले अनुमान डॉलना पटले तेव्हा त्यांनी स्वतः सिगरेट सोडली. ग्रॅहम गेले त्या वयाला पोचल्यावरही ते काम करत होते, आणि ९२ व्या वर्षापर्यंत जगले.

आतले तंत्र आता बरेचसे कळले आहे. जळत्या तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायने असतात, त्यांतली सत्तरेक कर्करोगकारक. त्यांच्यापैकी बेन्झोपायरीनसारखी रसायने पेशीच्या डीएनएला चिकटतात. पेशीची अनियंत्रित वाढ रोखणारे पी-५३ नावाचे जनुक नेमके जिथे मोडते, त्याच जागांवर बेन्झोपायरीनपासून बनणारे रसायन बसते, हे १९९६ मध्ये दिसून आले. वर्षभर रोज एक पाकीट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातल्या प्रत्येक पेशीत सरासरी दीडशे नवे बदल जमतात, असा हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला. बदल साठत जातात आणि गाठ वीस-तीस वर्षांनी येते. त्यामुळे आज कॉलेजच्या कट्ट्यावर पहिला झुरका घेणाऱ्या मुलाचा हिशेब त्याच्या पन्नाशीत होणार आहे.

विदर्भाच्या बाबतीत सिगरेटीपेक्षा बिडीवर जास्त बोलायला हवे, कारण बिडी ही इथली आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या जंगलांत एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याची तोडाई चालते. पहाटे जंगलात शिरलेली कुटुंबे पाने खुडून त्यांचे पुडे बांधतात आणि फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजतात. गावच्या हातात वर्षातला एकरकमी पैसा याच हंगामात येतो. रेल्वे आल्यावर गोंदिया-भंडारा पट्ट्यात बिडीचे कारखानदार मोठे झाले. कामठी बिडी कामगारांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. स्वदेशीच्या काळात परदेशी सिगरेटीवर बहिष्कार पडला तेव्हा बिडीला चार माणसांत प्रतिष्ठाही मिळाली. याच कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांना संघटित केले. ‘जय भीम’ या अभिवादनाचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण ठेकेदारांच्या लुबाडणुकीविरुद्ध बिडी वळणाऱ्या हातांसाठी लढणारा पुढारी ही त्यांची ओळख तितकीच मोलाची. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, पस्तिशीतच, क्षयाने गेले.

हा सगळा इतिहास बिडीला एक निरागसपणा देतो. ती गरिबाची आहे, जंगलातल्या पानाची आहे, तिच्यात कागद नाही की कंपनीचे रसायन नाही, असे समजून तिच्याकडे पाहिले जाते. प्रयोगशाळेतले मोजमाप वेगळे सांगते. बिडीत तंबाखू सिगरेटीपेक्षा खूप कमी असते, पण तेंदूचे पान नीट जळत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी पुन्हापुन्हा आणि खोल झुरके घ्यावे लागतात. परिणामी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा मारा सिगरेटीइतका किंवा त्याहून जास्त होतो. मुंबईत हजारो लोकांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून केलेल्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सिगरेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी आढळला नाही, उलट थोडा जास्तच आढळला. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये देशव्यापी पाहणीतून मांडले की बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि बिडी ओढणाऱ्या स्त्रीचे आठ वर्षांनी घटते.

तरीही बिडीला सवलत मिळतच राहते. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५ टक्के करण्याचा निर्णय घेतला, तर सिगरेटीसाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला. कारण सांगितले जाते ते बिडी वळणाऱ्या बायांचे. त्या बाया खऱ्या आहेत आणि त्यांची अडचणही खरी आहे. घरी बसून हजार बिड्या वळल्या तरी हाती पडते ती मजुरी तुटपुंजी, वर माल खराब म्हणून कापाकापी. १९६६ चा बिडी कामगार कायदा घरकामाच्या उंबऱ्यापर्यंत कष्टानेच पोचत असे. पण कर कमी केल्याने त्यांची मजुरी वाढते असा अनुभव नाही. स्वस्त राहते ती बिडी, आणि ती ओढणारा बहुधा त्यांच्याच मोहल्ल्यातला, अनेकदा त्यांच्याच घरातला असतो. त्यांना दुसरे काम मिळवून देण्यापेक्षा दर कमी ठेवणे सरकारला सोपे जाते, इतकाच या करुणेचा अर्थ दिसतो.

‘आमचे आबा नव्वद वर्षांपर्यंत बिडी ओढत होते’ हा दाखला प्रत्येक घरात असतो, आणि तो खोटा नसतो. ब्रिटनमधल्या पुरुषांवरचा २००० सालचा हिशेब असा, की आयुष्यभर ओढत राहणाऱ्या शंभरांपैकी सुमारे सोळाजण वयाच्या ७५ पर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात. म्हणजे चौऱ्यांशीजण या एका रोगातून सुटतात, आणि आबा त्यांच्यातले. मात्र त्या चौऱ्यांशींपैकी पुष्कळांना हृदयविकार, पक्षाघात किंवा दमेकऱ्याची ती सततची धाप गाठते. सातत्याने ओढणाऱ्यांपैकी निम्मे शेवटी तंबाखूच्याच कुठल्या ना कुठल्या रोगाने मरतात. सुटलेल्या आबांची गोष्ट सांगायला नातवंडे असतात, पंचावन्नाव्या वर्षी गेलेल्यांचा दाखला सहसा कुणी देत नाही.

‘दिवसाला दोनच’ या समजुतीचेही असेच. या कर्करोगात रोज किती ओढता यापेक्षा किती वर्षे ओढता याला कितीतरी जास्त वजन असते, हे डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी १९७८ मध्ये गणिताने दाखवले. नॉर्वेत रोज एक ते चार सिगरेटी ओढणाऱ्यांचा अभ्यास झाला. त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या तुलनेत पुरुषांत तिप्पट आणि स्त्रियांत पाचपट निघाला. फिल्टरने आणि ‘लाइट’ सिगरेटींनी धोका टळला नाही. लोक जास्त खोल ओढू लागले आणि गाठी मोठ्या श्वासनलिकांऐवजी फुप्फुसाच्या कडांकडे वाढू लागल्या.

विदर्भात या रोगाला लपायला सर्वांत चांगली जागा आहे ती क्षयाची. चाळिशी-पन्नाशीचा माणूस, दोन महिने खोकला, वजन उतरलेले, कफात रक्ताची रेघ, एक्स-रेवर डाग. असा रुग्ण गडचिरोलीहून, बालाघाटहून, छिंदवाड्याहून नागपुरात पोचायच्या आधीच कुठेतरी त्याला क्षयाच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. हा निष्कर्ष मूर्खपणाचा नसतो. आपल्याकडे क्षय खरोखरच जास्त आहे, आणि लक्षणे व एक्स-रे दोन्हींत साम्य आहे. घोटाळा होतो तो कफात जंतू न सापडताही केवळ डागावरून उपचार चालू राहतात तेव्हा. दोन महिने गोळ्या घेऊनही डाग तसाच किंवा मोठा झाला, तरी ‘कोर्स पूर्ण करा’ असे सांगितले जाते. शस्त्रक्रिया शक्य असलेला टप्पा याच महिन्यांत निघून जातो. पुन्हा भर ही, की क्षय आणि धूर हे एकमेकांचे वैरी नाहीत, साथीदार आहेत. दक्षिण भारतातल्या एका मोठ्या अभ्यासाने २००३ मध्ये दाखवले की ओढणाऱ्या पुरुषांचा क्षयाने मृत्यू होण्याचा धोका सुमारे चौपट असतो. म्हणजे ओढणाऱ्याला क्षय आहे असे सिद्ध झाले तरी कर्करोगाची शंका संपत नाही, आणि क्षयाचे जुने व्रण असलेल्या फुप्फुसात कर्करोग होऊच शकत नाही असेही नाही.

ज्याने पंधरा-वीस वर्षे बिडी किंवा सिगरेट ओढली आहे त्याचा खोकला तीन आठवड्यांपुढे गेला, किंवा जुना ‘बिडीचा खोकला’ एकाएकी बदलला, आवाज बसला तो उघडेना, खांद्यात न थांबणारी कळ आली, बोटांची टोके फुगू लागली, तर एक्स-रे आणि कफाची तपासणी ही सुरुवात समजावी. कफात जंतू नसतील आणि डाग असेल तर सीटी स्कॅन आणि गरजेनुसार दुर्बिणीने तुकडा काढून तपासणी मागून घ्यावी. रुग्णाने किंवा त्याच्या मुलाने डॉक्टरांना थेट विचारावे: ‘डॉक्टरसाहेब, हा गाठीचा डाग नाही ना?’ बरेच डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. काहींना तो आठवण म्हणून उपयोगी पडतो.

आधीच शोधून काढण्याची तपासणी आहे, पण ती जादू नाही. अमेरिकेत दीर्घकाळ खूप ओढलेल्या ५५ ते ७४ वयाच्या लोकांची दरवर्षी कमी किरणांची सीटी केली, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०११ चा. साध्या एक्स-रेने असा लाभ दिसला नाही, म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’च्या पाकिटात एक छातीचा एक्स-रे काढून निर्धास्त होऊ नये. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण इतके सर्रास असतात की सीटीवर खोट्या शंका पुष्कळ निघतात, मग सुया टोचणे, खर्च, घबराट. त्यामुळे सरसकट सगळ्यांची सीटी हा उपाय इथे चालणार नाही. दीर्घकाळ ओढलेल्यांनी छातीरोगतज्ज्ञाशी बोलून ठरवावे.

उरतो तो प्रतिबंध, आणि त्याचे कायदे आपल्याकडे कमी नाहीत. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८ पासून देशभर बंदी आहे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्ररूप इशारा २०१६ पासून आहे. हुक्का पार्लरांवर राज्याने २०१८ मध्ये बंदी घातली. आणि २०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने सुटी सिगरेट आणि सुटी बिडी विकायलाच मनाई केली. आता धरमपेठेच्या किंवा सक्करदऱ्याच्या कुठल्याही पानठेल्यावर उभे राहा. सिगरेट एकेक करून मिळते आणि दोरीला लायटर टांगलेला असतो. सुटी विकली की इशाऱ्याचे ८५ टक्के चित्र गिऱ्हाइकाच्या हाती येतच नाही, आणि शाळकरी मुलाला अख्ख्या पाकिटाचे पैसे जमवायची गरज उरत नाही. एवढी एक बंदी नीट पाळली तरी नव्याने ओढू लागणाऱ्यांत फरक पडेल असे मला वाटते. ती मोडणे सर्वांत सोपे असल्यामुळे ती सर्वांत आधी मोडली गेली.

जे ओढत आहेत त्यांच्यासाठी हिशेब अजून आशेचा आहे. वर उल्लेखलेल्या ब्रिटिश हिशेबात आयुष्यभर ओढणाऱ्यांचा धोका सोळा टक्के. साठीला सोडले तर तो दहावर येतो, पन्नाशीला सोडले तर सहा, चाळिशीला तीन, तिशीला दोन. २०२० मध्ये संशोधकांनी सोडलेल्यांच्या श्वासनलिकेतल्या पेशी तपासल्या तेव्हा त्यांत बऱ्याचशा पेशी जवळपास न बिघडलेल्या सापडल्या. अजून ओढणाऱ्यांत अशा पेशी त्यांच्या एक चतुर्थांशच होत्या.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठ, आणि गंमत म्हणजे खोकला थोडा वाढतो, कारण श्वासनलिकेतली झाडलोट पुन्हा सुरू होते. तीन-चार आठवड्यांत हे ओसरते. २ मिलिग्रॅमचे निकोटीन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ते चिंगमसारखे चघळायचे नसते, दोन-चारदा चावून गालात ठेवायचे असते. १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशक बोलतात, हाच क्रमांक पाकिटावर छापलेला असतो. आणि एक इशारा खास नागपूरसाठी: सिगरेट सोडायची म्हणून खर्रा धरणारे इथे कमी नाहीत. त्याने फुप्फुसे वाचली तरी तोंड जाते.

क्षय आणि तंबाखू यांवर एकत्र काम करण्याचा राष्ट्रीय आराखडा २०१७ पासून कागदावर आहे. प्रत्येक क्षयरुग्णाला तंबाखूबद्दल विचारायचे आणि सोडायला मदत करायची, असे त्यात आहे. क्षयाचा रुग्ण किमान सहा महिने आरोग्य यंत्रणेच्या संपर्कात असतो, त्याला गोळ्यांसाठी फोन जातात, आशाताई घरी येते. बिडी सोडवायला याहून लांब आणि जवळची ओळख दुसऱ्या कुठल्या आजारात मिळत नाही. विचारायचे दोनच प्रश्न असतात: बिडी चालू आहे का, आणि दोन महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेवर डाग कमी झाला का. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर त्या रुग्णाला गोळ्यांचे पुढचे पाकीट देण्याआधी सीटीची चिठ्ठी द्यायला हवी.